बाबांच्या म्हशी आणि माझं कोठार

आमच्या घरात दारूची तयारी झाली ती पवित्र शास्त्राच्या आधाराने. (तोवर आमच्याकडे चहासुद्धा प्रार्थना केल्याशिवाय कुणी पीत नसे.)

देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली होती. आम्ही आमगावचे ख्रिस्ती. बाबा रेल्वेत, आई घरात आणि मी शाळामास्तर. अंगाने इतका किडकिडीत, की सदरा माझ्या अंगावर असला काय आणि खुंटीवर असला काय, सारखाच दिसे! त्या उन्हाळ्यात मी एका शास्त्रवर्गाला जाऊन आलो आणि माझी खात्री पटली, की देव माणसाशी स्वप्नांतून बोलतो आणि त्याचा अर्थ लावायला आमगावात माझ्याखेरीज कुणी नाही. आईच्या स्वप्नात साप आला, मी म्हणालो, "सैतान!" शेजारणीच्या स्वप्नात दात पडला, मी म्हणालो, "पश्चात्ताप करा!" (दात पुढच्या आठवड्यात खरंच पडला. किडलेला होता.)

एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर मी योसेफाची गोष्ट रंगवून सांगितली. राजाच्या स्वप्नात रोड गायी धष्टपुष्ट गायींना खाऊन टाकतात, आणि योसेफ सांगतो, दुष्काळ येणार, धान्य साठवा! दुसऱ्या दिवशी बाबा घाबरेघुबरे होऊन उठले.

"अरे, मले सपन पडलं! तलावातून रोड म्हशी निंघाल्या अन् जाड्या म्हशींले खाऊन राहिल्या!"

"किती होत्या?"

"मोजाले कोन थांबते? मी पळून राहिलो होतो!"

"तीनदा वाढून घेतली वांग्याची भाजी," आई चुलीपाशून म्हणाली. "म्हशी नाही तं काय पऱ्या येतीन?"

माझीच गोष्ट ऐकून बाबा झोपले होते, हे कुणाही साध्या माणसाच्या लक्षात आलं असतं. मी साधा नव्हतो! "दुष्काळ," मी जाहीर केलं.

पण साठवायचं काय? धान निघायला अजून कितीतरी महिने होते. तेव्हा चिचगडच्या आत्याने सांगून पाठवलं, की जंगलात मोहफुलांचा सडा पडला आहे, वाळवून ठेवली तर अडीअडचणीला खाता येतात. गाडीभर मोहफुलं आली. बैठकीला लागून असलेल्या खोलीत मी मडक्यांची रांग लावली आणि रोज सकाळी तिच्यासमोरून राजाच्या कारभाऱ्यासारखा फिरू लागलो.

एके दिवशी मडक्यांत मुंग्या दिसल्या. योसेफाच्या कोठारात मुंग्या! मी सगळी फुलं पाण्याने खळाखळा धुतली, ओलीच पुन्हा मडक्यांत भरली आणि मुंगी शिरू नये म्हणून तोंडं चिखलाने गच्च लिंपून टाकली. ही कशाची कृती आहे ते आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमचं घराणं आजोबांपासून इतकं कोरडं, की घरात कुणालाच शंका आली नाही!

आणि तीनचार दिवसांतच फुलचूरहून योहानराव सहकुटुंब घर पाहायला आले. त्यांची मुलगी मार्था. नाताळात तिला देवळात गाताना ऐकलं तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण योहानराव म्हणजे चांगले गलेलठ्ठ, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे, गावोगाव दारू सोडण्याची शपथ देणारे. पिणाऱ्याच्या घरी मुलगी देणं तर सोडाच, ते त्या घरी पाणीसुद्धा घेत नसत.

बैठकीत बसताच मार्थाच्या आईने, म्हणजे काकूंनी, नाक मुरडलं. "कायचा वास येऊन राहिला?"

"फुलांचा," मी म्हणालो. (खोटं नव्हतं!)

योहानरावांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, या घरात शांती..."

फाट्!

"...शांती नांदू दे, अन् या घरच्या लेकराले..."

फाट्! फाट्!

दाराखालून फेस बैठकीत आला. योहानराव उठले, आत गेले. मी त्यांच्या मागे. माझं लग्न त्या फेसाबरोबर मोरीकडे वाहत चाललेलं मला दिसत होतं. त्यांनी मडक्यात वाकून पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले,

"पानी जास्त झालं. अन् तोंड एवढं घट्ट लिंपत नसतेत, भई. अजून दोन दिवस थांबाले पाह्यजे होतं."



"तुमाले कसं मालूम?" दारातून काकूंचा आवाज आला.

योहानराव कानापर्यंत लाल झाले. "लग्नाच्या आधीची गोष्ट आहे वं... प्रभूनं उगीच वाचवलं का मले?"

पहिल्यांदा बाबांना हसू फुटलं, मग आईला. मी रडकुंडीला येऊन म्हशींपासून मुंग्यांपर्यंत सगळं सांगितलं, तेव्हा काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "असा भोळा जावई पुन्हा भेटाचा नाही! अन् याले दारू बनवता येत नाही, हे तं आपल्या डोयानं पाहिलं." पडद्याआडून मार्थाही हसली. मला स्वर्ग तिथेच मिळाला!

दुष्काळ काही आला नाही, उलट त्या वर्षी धान रगड पिकलं. मी मात्र लग्नानंतर दर रविवारी उपासना आटोपली की फुलचूरला सासऱ्यांच्या शेजारी पाटावर असे. एकदा बाबाही आले होते. मी तिसऱ्यांदा मटण वाढून घेताना ते एकटक पाहत म्हणाले,

"पोरा, माह्यं सपन खरं झालं रे."

"कसं?"

"रोड म्हैस जाड्या म्हशीले खाऊन राहिली. हे पाह्य, समोरच बसली आहे!"

सगळ्यांत मोठ्याने हसले ते माझे सासरे. साऱ्या आमगावच्या स्वप्नांचे अर्थ लावणाऱ्या मला त्या कळपातली स्वतःची म्हैस तेवढी ओळखता आली नव्हती!