सलाईनमध्ये सडलेला तुकडा

शिळ्या माशांचा वास आला की माझं डोकं फिरतं. तसाच वास सुरतला त्या डबीतून आला होता. बायकोच्या लघवीच्या पिशवीतली गाठ नंदुरबारला खरवडली, आणि तिचा तुकडा डबीत घालून डॉक्टरनं माझ्याच हाती दिला. "बाबा, सुरतच्या लॅबला पोचवा. तिथं गाठीतली जनुकं तपासतील. जहाल निघाली तर पिशवीच काढू, नाहीतर औषधावर भागेल." उन्हानं तापलेल्या एसटीत मी डबी मांडीवर धरून बसलो. लॅबवाल्यानं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. "काका, ये तो सलाईन में डाला है. सड गया." तुकडा टिकायचं औषध डबीत कोणी घातलंच नव्हतं! परत येऊन मी भांडलो, तर डॉक्टर म्हणतो, "दुसरा तुकडा काढू, त्यात काय!" बायको खाटेवर उठून बसली. "मन्हं आंग काय बाजरीनं कणीस शे का, घडी घडी खुडाले? चाला घर." मी हातापाया पडलो, पण ती पुन्हा टेबलावर गेली नाही. तपासणीविना गाठ वाढत गेली, दिवाळीआधी ती संपली. लोक मला सांगतात, नशीब. कसलं नशीब? चार चमचे औषध ओतायचं काम होतं, ते कोणी केलं नाही.