जाहिरातीला अस्तर

मी जुने कागद दुरुस्त करते. हे सांगितलं की कोल्हापुरात बहुतेक जण विचारतात, "म्हंजे झेरॉक्स?" आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी मात्र काही न विचारता कुस्ती मैदानाची, पैलवानाचं चित्र असलेली एक जुनी, भलीमोठी जाहिरात माझ्यापुढं उलगडली. घड्यांवर फाटून तिचे तुकडे झाले होते आणि मागून कुणीतरी वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

"मागनं अस्तर लावावं लागेल," मी म्हटलं.

"अस्तर? कोट शिवतायसा व्हय?"

कागदाच्या पाठीला कागद लावला तर त्यालाही अस्तरच म्हणायची जुनी पद्धत आहे, हे मी समजावलं. गव्हाच्या सत्त्वाची खळ करायची आणि तिनं पातळ जपानी कागद चिकटवायचा.

वस्तादांचा चेहरा उतरला. "आपल्या पैलवानाच्या पाठीला जपान?"

खळ इथल्याच गव्हाची, म्हटल्यावर कुठं ते तयार झाले.

माझं टेबल लहान पडलं म्हणून तालमीच्या माडीवर काम मांडलं. कागद हलकेच ओला करून मी मागचं वर्तमानपत्र सोलून काढलं, तुकडे जुळवले, अस्तर चढवलं. आता वर टीपकागद, त्यावर फळ्या आणि सगळीकडून सारखा दाब हवा होता. पैलवानांनी डंबेल्स आणून ठेवले. ते गडगडत जिन्यापर्यंत गेले.

"दाबच पायजे न्हवं?" म्हणत कुस्तीत कान मोडलेले चौघं सरळ फळ्यांवर मांडी घालून बसले.

"वजन सारखं पडायला हवं," मी घाईनं म्हणाले. वस्तादांनी लगेच कुस्तीची जोड लावावी तसं एकेकाला जोखून जागा नेमून दिली. मी टीपकागद बदलायला लागले की चौघं मुकाट्यानं उठायचे आणि पुन्हा बसायचे. दुपारी त्यातल्या एकाला डुलकी लागली आणि तो कडेला कलला.

"नीट बस," वस्ताद गरजले.

संध्याकाळी फळ्या काढल्या. जाहिरात सपाट झाली होती, फक्त डुलकीवाल्याच्या बाजूचा कोपरा दुमडला होता. मी तो पुन्हा ओला करायला घेतला, तर वस्तादांनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या. कान मोडल्याबिगर पैलवान वाटत न्हाय."

मी कोपरा तसाच ठेवला. दुरुस्तीच्या अहवालात त्याचं कारण लिहिलं: वस्तादांच्या सांगण्यावरून कान मोडलेलाच ठेवला.