त्याचे हात सोडा

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर प्रताप नगरच्या घरी जरा निवांत झाले होते, तेव्हा एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात आली. मे महिना होता. कूलरच्या घरघरीत मला बेल ऐकूच आली नाही. शेवटी तिनं खिडकीच्या काचेवर तळहात आपटला, तेव्हा माझं लक्ष गेलं. "कूलर लावला की मीही तुझ्यासारखीच," असं मी हातांनी म्हटलं. ती हसली, आणि लगेच रडायला लागली.

तिचा नवराही कर्णबधिर. शहराबाहेर वाडीला एका गोदामात ट्रकमधला माल उतरवायचा. दोघं तिथंच एका खोलीत भाड्यानं राहायची. गोदामातून माल चोरीला गेला, तेव्हा पोलिसांनी त्या पाळीतल्या सगळ्यांना उचललं. बाकीच्यांनी आपण कुठं होतो, काय करत होतो ते सांगितलं आणि हळूहळू ते सुटले. याचं सांगणं कोणाला कळलंच नाही. तो जोरजोरात हात हलवायला लागला, तर त्यांना वाटलं अंगावर धावून येतो आहे. दिवाळीच्या आधीपासून तो तुरुंगात होता. खटला अजून उभाही राहिला नव्हता.

"भेटतेस ना त्याला?" मी विचारलं.

तिनं दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरून बोटं एकमेकांत अडकवली. जाळी. मग तशीच आणखी एक जाळी, हातभर पलीकडे. मधे अंधार. मुलाकतीच्या वेळी दोन्हीकडची माणसं जाळीला तोंड लावून ओरडून बोलतात. ह्या दोघांना ओरडून उपयोग नाही, आणि दोन जाळ्यांमधून हात नुसते फडफडताना दिसतात, खूण कळत नाही. बाकीच्या कैद्यांना घरी फोन करायला मिळतो. तोही ह्यांच्या काय कामाचा? कितीतरी महिने नवरा-बायको एकमेकांशी एक वाक्यही बोलली नव्हती.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक वकील मुलगी राहते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले ती कोर्टाच्या विधी सेवेकडून चालवते. संध्याकाळी मी तिला गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, जामिनाचं मी बघतेच. पण त्याला वेळ लागेल. तोवर तो आत कसा राहतोय, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी वेगळं भांडता येतं."

"आतल्या गोष्टींसाठी कोर्ट ऐकतं?"

"ऐकावंच लागतं. तुरुंगाच्या फाटकाशी माणसाचे सगळे हक्क काढून ठेवून घेत नाहीत. जगण्याचा हक्क त्याच्याबरोबर आत जातो. शिवाय अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. आणि ह्याचा तर गुन्हाही सिद्ध झालेला नाही."

मला हे नवीन होतं. कायदा माणसाला आत घालतो एवढंच माहीत होतं. आत गेल्यावरही तोच कायदा त्याच्याजवळ बसू शकतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

आधी आम्ही दोघी तुरुंगात गेलो. कोणता तुरुंग ते सांगत नाही, कारण मला नाही वाटत की हे एका ठिकाणचंच दुखणं आहे. अधीक्षक साहेब सभ्य माणूस होते. चहा दिला. "मॅडम, त्याला काही त्रास नाही. आम्ही कागदावर लिहून देतो त्याला," ते म्हणाले. त्याला आपलं नाव, गावाचं नाव आणि थोडेफार शब्द सोडले तर वाचता येत नव्हतं. लहानपणी आपल्या गावी, कुहीच्या शाळेत तो मागच्या बाकावर नुसता बसून राहिला. खुणांची भाषा तो मोठेपणी, लग्नानंतर बायकोकडून शिकला. मी हे सांगितलं, तर साहेबांनी हात पसरले. दुभाष्याला आत सोडायची नियमात सोय नाही, म्हणाले.

फाटकापर्यंत सोडायला आलेला शिपाई मात्र बोलका निघाला. "गिनतीच्या टायमाले नाव पुकारतो जी आम्ही. हा बसून राहे. आधी वाटे, मुद्दाम करून राहिला. एकदोनदा दणकाही खाल्ला त्यानं. मंग साहेबानं त्याले अलग कोठडीत टाकलं. त्याच्याच भल्यासाठी, बाकीचे लोक त्याले सतावत होते म्हणून."

"तिथं दिवा आहे का?" मी विचारलं.

"गलियाऱ्यात आहे एक. तोही कधी राहते, कधी नाही राहत. काहून?"

काहून ते मी त्याला सांगितलं. आपल्याला अंधारात निदान आवाज तरी येतो, कोणी खोकलं तरी कळतं की माणूस आहे. ह्याला अंधार झाला की जगच बंद. शिपायानं मागं वळून आतल्या इमारतीकडे पाहिलं. "हे तर डोक्यातच नाही आलं," म्हणाला.

मग उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. पहिल्याच तारखेला कोर्टानं मला त्याला भेटायची परवानगी दिली आणि त्याच्याशी बोलून काय ते कोर्टाला कळवायला सांगितलं.

भेट अधीक्षकांच्या कार्यालयाशेजारच्या खोलीत झाली. त्याला आणून समोर बसवलं. वय तिशीचं, पण मान खाली, खांदे पडलेले. मी हात उचलून म्हटलं, "मी तुझ्या बायकोची बाई." त्यानं वर पाहिलं. काही क्षण तो माझ्या हातांकडेच बघत राहिला. इतके महिने न वापरलेली भाषा पुन्हा जुळवायला त्याला वेळ लागला. पहिल्या खुणा अडखळत आल्या, आणि मग थांबेनातच. मला दोनदा त्याला सावकाश म्हणावं लागलं.

जेवणाची घंटा त्याला कळत नसे. लोक उठलेले दिसले तर तो उठे, पण कोठडीत गेल्यापासून दिसायला कोणी नव्हतं. दाढ दुखत होती, गाल दाखवला तर कोणी तरी हसलं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "मला किती वर्षं दिली?"

मला आधी प्रश्न समजला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग उलगडलं. त्याला वाटत होतं की त्याचा निकाल लागून गेला. काळा कोट घातलेली माणसं बोलली, त्याचा अंगठा घेतला, परत गाडीत बसवलं. म्हणजे शिक्षा झाली. फक्त किती वर्षांची, तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी उठून तो मनाशी वेगवेगळा आकडा धरून बघायचा.

"अजून काहीच दिलेलं नाही," मी म्हटलं. "खटला चाललाच नाही. तू चोरी केलीस असं कोणी ठरवलेलं नाही."

त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. दारात उभा असलेला तोच शिपाई पुढं आला आणि पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर ठेवून मागं सरकला.

बाहेर आल्यावर मी वकील मुलीला हे सांगितलं. ती रस्त्यातच थांबली. "हे त्यानं स्वतः न्यायाधीशांना सांगायला हवं, काकू," म्हणाली. त्याला कोर्टात हजर करावं असा अर्ज तिनं केला आणि तो मंजूर झाला.

त्या दिवशी कोर्टात गर्दी होती. आमचं प्रकरण पुकारलं, तेव्हा एक पोलीस त्याचा हात मनगटापाशी घट्ट धरून त्याला पुढं घेऊन आला. कैद्याला असंच आणतात, त्यात त्या पोलिसाचं काही चुकलं नव्हतं. सरकारी वकील सांगत होते की तुरुंगात सगळी काळजी घेतली जाते, दुभाषा आणि व्हिडिओ कॉल वगैरे सुरक्षेच्या दृष्टीनं अवघड आहे. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "त्यांना विचारा, तुरुंगात त्यांना काय अडचण आहे."

मी विचारलं. त्यानं उत्तर द्यायला हात उचलला. एकच उचलला गेला. दुसऱ्याला पोलिसाची पकड होती. त्या एका हातानं तो काहीतरी सांगू लागला, पण अर्धी खूण होऊन थांबली.

"काय म्हणतात ते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, त्याला बोलता येत नाहीये," मी म्हटलं. "त्याचा हात धरलेला आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग पोलिसाकडे पाहून म्हणाले, "त्याचे हात सोडा. असं धरलंत तर तो बोलणार कशानं?"

पोलिसानं हात सोडला. कोर्टात शांतता झाली, आणि त्या शांततेत तो बोलला. मी त्याच्यामागून आवाज देत गेले. घंटा, गिनती, दणका, अंधार, दाढ. सुरुवातीला न्यायाधीश माझ्याकडे बघून प्रश्न विचारत होते. मी विनंती केली की प्रश्न त्याला आहे, त्याच्याकडे बघून विचारावा. "बरोबर आहे," म्हणाले, आणि पुढं त्याच्याकडेच बघत राहिले. मला किती वर्षं दिली हा त्याचा प्रश्न मी बोलून दाखवला, तेव्हा सरकारी वकिलांनीही हातातले कागद खाली ठेवले. सुरक्षेचा मुद्दा त्यांनी नंतर काढला नाही.

आदेश साधा होता. त्याला वेगळ्या कोठडीतून पुन्हा बराकीत आणावं, तिथं रात्रभर दिवा राहावा. महिन्यातून दोनदा दुभाष्यानं, म्हणजे मी, भेटावं, आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेलाही दुभाषा असावा. बायकोशी दर आठवड्याला व्हिडिओवर बोलू द्यावं. गिनतीला आणि जेवणाला त्याला खांद्यावर हात ठेवून सांगावं. दाढेवर उपचार व्हावेत. आग लागली किंवा तशी काही वेळ आली, तर घंटेबरोबर पेटेल असा लाल दिवा बसवावा. आणि पुढं कोणी कर्णबधिर बंदी आला, तर पहिल्याच आठवड्यात दुभाष्याला बोलवावं.

आदेश झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळं बदललं, असं काही झालं नाही. दाढ लगेच काढली. बराक पंधरवड्यानं मिळाली. व्हिडिओ कॉलचं घोडं अडून बसलं, कधी संगणक बंद, कधी माणूस रजेवर. वकील मुलगी पुन्हा कोर्टात गेली, कोर्टानं तुरुंगाकडून अहवाल मागवला, आणि मग संगणकही चालू झाला आणि माणूसही सापडला. लाल दिवा बसला खरा, पण थोड्याच दिवसांत बिघडला. तो आजही दुरुस्त झालेला नाही, हे मी दर वेळी जाऊन बघते आणि दर वेळी सांगते.

पहिल्या व्हिडिओ कॉलला मी तिच्यासोबत होते. तिनं केस धुतले होते, नवी साडी नेसली होती. पडद्यावर तो दिसला. मला वाटलं होतं दोघं रडतील. दोन मिनिटांत त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. वाडीची खोली सोडून ती कुहीला सासूकडे राहायला गेली होती, हे त्याला माहीतच नव्हतं. मला न विचारता खोली कशी सोडलीस, म्हणून तो तणतणला. "विचारणार कसं? त्या जाळीतून?" तिनं हात असे झटकले की माझ्या चष्म्याला लागता लागता राहिले. मग धानाची रोवणी कधी, म्हातारीचा गुडघा कसा आहे, शेजारणीला काय झालं, अशा गोष्टी निघाल्या. वेळ संपली तेव्हा ती चेहरा पुसत माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अजून तसाच आहे. हट्टी." इतकी समाधानी मी तिला शाळेतही पाहिली नव्हती.

त्याला पावसाळा संपता संपता जामीन मिळाला. खटला पुढं चालला, प्रत्येक तारखेला मी त्याच्या शेजारी उभी राहिले. चोरी झाली त्या वेळी तो दुसऱ्याच ट्रकवर होता, हे त्यानं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. ते ह्या वेळी नोंदवलं गेलं, आणि गोदामातल्या दोघांनी तसंच सांगितलं. तो निर्दोष सुटला. वाडीला परत जायचं नाव तो काढत नाही. कुहीलाच आईच्या शेतावर असतो.

मागच्या हिवाळ्यात तुरुंगातून मला फोन आला. अधीक्षक बदलले होते, नवे होते. "मॅडम, एक नवीन कर्णबधिर बंदी आलाय. आदेशाप्रमाणे पहिल्याच आठवड्यात तुम्हाला बोलवायचं असतं, असं माझे लोक सांगतात," ते म्हणाले. मी गेले. माणूस परप्रांतातला, त्याच्या खुणा आमच्याहून वेगळ्या. आम्ही दोघं चाचपडत होतो. तेवढ्यात तो जुना शिपाई आत आला, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, तो वळला तेव्हा पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या.

माणसानं मान हलवली. अजून जेवला नव्हता.

"चला मंग," शिपाई म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, जेवल्यावर बोला ना जी याच्याशी. उपाशीपोटी काय बोलंल तो?"

मी थांबले.