दिल्लीहून सूचना आलेल्या नाहीत

पुण्यात भारत सरकार नेमकं कुठे राहतं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी बेधडक कर्वेनगरमधल्या एका सोसायटीचा दुसरा मजला दाखवला असता. तिथे कोर्टातले माझे समोरचे वकील राहत. शिवाजीनगर कोर्टात केंद्राच्या खात्यांचे दावे ते चालवत, आणि त्या खात्यांशी भांडणारे पक्षकार माझ्या नशिबानं माझ्याकडे येत. त्यामुळे वीस वर्षं आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो. कँटीनमध्ये चहा पुढे केला तर "भारत सरकार समोरच्या बाजूचा चहा घेत नाही" असं म्हणत आणि माझ्याच टेबलाशी बसून स्वतःचा वेगळा चहा मागवत. अख्ख्या पुण्यात त्या काळी स्कूटरवर हेल्मेट घालणारा हा एकच गृहस्थ असावा. का, तर "अहो, केंद्राचा कायदा आहे. आपणच नाही पाळायचा तर कुणी पाळायचा?"

कोर्टात त्यांचं वाक्य एकच. "साहेब, दिल्लीहून सूचना आलेल्या नाहीत. चार आठवड्यांची मुदत मिळावी." हे ते इतक्या भारदस्त आवाजात म्हणत, की नवख्याला वाटावं दावा जिंकलाच यांनी. सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की मुलीला बघायला आलेल्या मंडळींनी "मग आमचा मुलगा पसंत आहे ना?" असं विचारल्यावर यांनी चष्मा सारखा करून चार आठवड्यांची मुदत मागितली. मुलगा संगणकवाला, दोन आठवड्यांत अमेरिकेला गेला, तो गेलाच. मुलगी म्हणाली, "बाबा, सुटले मी." वहिनी मात्र महिनाभर त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या.

मग संगणकांचं वारं कोर्टापर्यंत आलं. दिल्लीनं कळवलं की यापुढे सूचना ई-मेलनं पाठवू. यांच्या घरी एक संगणक येऊन बसला आणि वहिनींनी त्यावर भरतकामाचं कापड घातलं. ते कापड काही हललं नाही. "त्यावर शाईची सही कुठे असते? शिक्का कुठे असतो? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल मी दिल्ली," असं त्यांचं म्हणणं. आम्ही वकिलांच्या बाररूममध्ये पोट धरून हसलो होतो. मी तर त्यांची नक्कलही करायचो, आता लाज वाटते.

माझ्याकडे तेव्हा येरवड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचा दावा होता. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दारात कढीपत्ता. केंद्राच्या एका खात्याचं म्हणणं, की ही जागा आमच्या हद्दीत आहे, घर रिकामं करा. मी मनाई हुकूम आणला होता, पण निकाल लागेना. सात वर्षं दर तारखेला बाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून येत आणि चार आठवडे घेऊन परत जात. एकदा त्या थेट यांच्यासमोरच उभ्या राहिल्या. "वकीलसाहेब, मी अठ्ठ्याहत्तरची आहे. घर माझं आहे की नाही, एवढं कळून डोळे मिटायचेत. तुमचे चार आठवडे मला पुरत नाहीत हो."

यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं दिल्लीची गाडी पकडली.

तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. तीन दिवस बाकावर बसल्यावर बाईंची फाईल निघाली. तिच्यावर शेरा होता, 'पुण्याहून माहिती यायची आहे.' सात वर्षं हे दिल्लीची वाट बघत होते आणि दिल्ली यांची! फाईलच्या तळाशी जुना नकाशा होता. सरकारी हद्द विहिरीपाशी संपत होती आणि बाईंचं घर विहिरीच्या पलीकडे होतं.

पुढच्या तारखेला ते उठले आणि म्हणाले, "साहेब, मुदत नको." न्यायाधीशांनी विचारलं, "काय नको?" यांनी शिक्का मारलेला नकाशा पुढे ठेवला आणि घर सरकारच्या हद्दीत नाही, हे आपल्याच सरकारच्या विरुद्ध, त्याच भारदस्त आवाजात सांगून टाकलं. निकाल बाईंच्या बाजूनं लागला.

बाई पेढे घेऊन कर्वेनगरला गेल्या, मी सोबत होतो. यांनी दारातच हात जोडले. "अपिलाची मुदत संपेपर्यंत भारत सरकार समोरच्या पक्षाकडून काही घेऊ शकत नाही." दिल्लीनं अपील करा म्हटलं असतं तर घर पुन्हा टांगणीला लागलं असतं. तो सगळा महिना हे रोज पोस्टमनची वाट बघत होते, मीही धास्तावलेला होतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही नवे पेढे घेऊन गेलो, तर दार आधीच उघडं. हे परीटघडीचा शर्ट घालून उभे होते. "दिल्लीहून सूचना आलेल्या नाहीत," असं म्हणाले आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले. बाई रडायला लागल्या.

सूचना आली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. अपील करा, असं ई-मेलनं कळवलेलं, विसाव्या दिवशी. कापडाखालच्या संगणकात ते न उघडता पडून होतं. हे दिल्लीच्या ध्यानात येईतो तिथले साहेब बदलले, फाईल थंडावली, आणि घर वाचलं. पण केंद्राच्या वकिलांची नवी यादी निघाली तेव्हा तिच्यात यांचं नाव नव्हतं.

मी धावत त्यांच्या घरी गेलो. खरं तर मला त्यांची माफी मागायची होती, पण विचारलं भलतंच. "खरं सांगा, त्या संगणकात काय येऊन पडलंय याचा तुम्हाला अंदाज होता ना?"

ते बराच वेळ कापडाची सुरकुती सारखी करत राहिले. मग म्हणाले, "सूचना घेऊन सांगतो. चार आठवड्यांची मुदत द्या."

त्यांच्या अर्जाला मी पहिल्यांदाच विरोध केला नाही. पुन्हा विचारलंही नाही. आता ते नाहीत, बाईही नाहीत. बाई गेल्या त्या स्वतःच्या घरात. येरवड्याला काम निघालं की मी मुद्दाम त्या गल्लीतून जातो. कढीपत्ता पत्र्याच्या वर गेलाय. तिथे उभा राहिलो की मला ते फार आठवतात, आणि घरी येताना मी हेल्मेट नीट बांधतो.