हनुवटी खाली

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथली हवेची टाकी माझ्या शेजारीच फुटली. वाचलो, पण डोक्याला जबर मार बसला. कानांत नुसती शिट्टी, बोलायला गेलो की घोगरे हुंकार. आणि गिळणं? विचारूच नका! घोटभर पाणी भलत्याच वाटेने जायचं आणि ठसक्याने जीव घाबराघुबरा व्हायचा.

नाकातल्या नळीवर दोन महिने काढले. मग दाट रागीची आंबील जमायला लागली. पाणी मात्र जमेना. गिळायला आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी पाटीवर लिहून बजावलं, पाणी जमलं नाही तर नळी घेऊनच घरी जायचं.

चूक माझीच होती. इथे चार पिढ्या गेल्या, अर्धी भाषा कन्नड झाली, पण घरचा नियम कायम: भांडं तोंडाला लावायचं नाही, मान मागे टाकून वरून धार सोडायची. पेला हातात आला की माझी मान आपोआप मागे, आणि पाणी भलत्या वाटेने. बाई बिचाऱ्या माझी हनुवटी छातीकडे दाबायच्या, "स्वल्प खाली, अण्णा," असं ओठ मोठे हलवून सांगायच्या. मी कसला ऐकतोय! एकदा पेला भिंतीवर फेकला. आजही त्याची लाज वाटते.

आई कोपऱ्यात बसून बघत असे. ती सोवळ्याची इतकी कडक, की दवाखान्यातला चहासुद्धा कधी घेतला नव्हता. एका सकाळी ती उठली, तिथलाच पेला काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर बसली. हनुवटी खाली घेतली, काठाला ओठ लावले, घोट घेतला. मग पेला माझ्या हातात दिला.

मी तसंच केलं. ठसका नाही! बाईंनी 'आ' म्हणायला लावलं. आवाजात पाण्याची घरघर नाही, असं त्यांनी पाटीवर लिहिलं, म्हणजे पाणी नीट पोटात गेलं होतं. मी ढसाढसा रडलो. आईने पेला घेतला आणि माझं उष्टं पाणी प्यायली. एक घोट ती, एक घोट मी.

घरी जाऊन तिने डोक्यावरून आंघोळ केली, हे बायकोने नंतर सांगितलं. करेना का! दुसऱ्या दिवशी ती परत आली, परत ओठ लावून माझ्यासमोर बसली. असं सहा दिवस. सातव्या दिवशी नळी निघाली.