व्हर्नाबाईंच्या रायफलीला मारलेला रंग

व्हर्नाबाई हालवर्सन यांनी आमच्या मोंटानातल्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मीही त्याच बसने शाळेत गेलो. दंगा केला की त्या आरशातून नुसतं बघायच्या, आणि आमची दातखीळ बसायची. नवरा डेल्मार गेल्यावर त्याची रायफल त्या दर हंगामाला मला शिकारीसाठी द्यायच्या. "घरात गंजण्यापेक्षा तुझ्याकडे बरी. नेम तेवढा नीट धर," म्हणायच्या.

आमच्याकडे उसनी रायफल पुसून, तेल देऊनच परत करतात. त्या वर्षी मला जास्तीचं शहाणपण सुचलं. माझ्या रायफलीला मी झाडोऱ्यात लपेल असा रंग मारला होता आणि मित्रांनी वाहवा केली होती. म्हटलं, बाईंचीही नवीकोरी करून देऊ. रंग नीट धरावा म्हणून अक्रोडाच्या दस्त्यावर पॉलिश पेपर घासला, नळीवरचं निळसर काळं पॉलिशही खरवडून काढलं. मग पानांची, जाळीची नक्षी उमटावी म्हणून पाइनची डहाळी आणि कांद्याची जाळीदार पिशवी वर धरून स्प्रेचे तीन डबे रिकामे केले. वर बसवलेली नेमाची दुर्बीणसुद्धा सोडली नाही. आणि बाईंना विचारलं? छे! सरप्राइज द्यायचं होतं ना.

बाईंनी रायफल हातात घेतली, बराच वेळ बघितली. "छान लपेल," एवढंच म्हणाल्या. मी मूर्ख, खूश झालो.

मार्चमध्ये त्यांनी ती विकायला काढली. त्यांचे सगळे दात काढून झाले होते, हसताना तोंडावर हात धरायच्या. वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्यांचे सोळाशे डॉलर होत होते. लाइलच्या बंदुकीच्या दुकानात मीच त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो.

लाइलने रायफल उलटसुलट केली. "डेल्मारची ना ही? होती तशी आणली असतीत तर डोळे मिटून अठराशे दिले असते. नुसता रंग असता तर काढला असता हो, पण खालचं मूळ पॉलिशच गेलंय. दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या चकत्याही रंगाने चिकटल्यात, फिरत नाहीत. सहाशे. तेही तुम्ही म्हणून."

दुकानात आणखी तिघं होते, सगळे माझ्या ओळखीचे. "कुठल्या गाढवाचं काम हे?" त्यातला एक म्हणाला.

माझे कान तापले.

"मीच सांगितलं होतं रंगवायला," व्हर्नाबाई म्हणाल्या. "मला आवडतो हिरवा रंग. हसायचं तर मला हसा."

ते हसले. आणि मी भिंतीवरची शिंगं बघत उभा राहिलो. चाळिशीचा बाप्या, एका म्हातारीच्या आड लपलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहाशेत फक्त वरची कवळी आली.

आठवड्याने मी बाराशे डॉलर पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो. त्या टेबलाशी सफरचंदाच्या पातळ फोडी करत बसल्या होत्या. पाकीट त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

"चारचौघांत बोलले ना मी, मीच सांगितलं म्हणून? आता तुझे पैसे घेऊन खोटी पडू?"

"मी जाऊन खरं काय ते सांगतो सगळ्यांना."

"तेव्हा सांगायचं होतंस, कर्टिस." आवाज चढला नव्हता. बघणं मात्र बसच्या आरशातलंच होतं.

मग त्यांनी एक फोड माझ्यापुढे सरकवली. "खा," म्हणाल्या. "तुला दात आहेत."