कवळीवाल्या ताई आणि वेळेवर आलेली गाडी

कवळीवाल्या ताई दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या करायच्या. मेणात एकेक दात बसवून लोकांची बोळकी तोंडं हसती करायच्या आणि स्वतः मात्र दिवसभर दातओठ खात असायच्या. कारण एकच, लोकल गाडी.

फलाटावर वेळापत्रकाची भली मोठी, चकचकीत पाटी होती. "हत्तीचे दाखवायचे दात!" ताई म्हणायच्या. "मी केलेले निदान चावतात तरी." गाडी यायची आपल्या मर्जीने. मग भोंग्यातली बाई लाडिक आवाजात सांगायची, गाडी उशिराने धावत आहे, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. धावत आहे म्हणे! धावली असती तर उशीर कशाला झाला असता? आणि दिलगीर! घरात कुणी कुणाला दिलगीर आहे असं म्हटलेलं ताईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. ज्याला मनातून काहीच वाटत नाही, त्याच्या सोयीसाठीच हा शब्द निघाला असावा.

उशिरापायी रोज कामावर ऐकावी लागणारी बोलणी त्या गिळायच्या. पण खरी जखम वेगळी होती. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा दादाचा निरोप मिळताच ताई मेणाचे हात न धुता निघाल्या होत्या. लोकलने मध्येच माळावर बसकण मारली. ताई पोचल्या तेव्हा आई गेली होती. दादा दारातच म्हणाला, "गाडीचं निमित्त सांगू नकोस. ज्याला यायचं असतं तो येतो." त्यानंतर भावाबहिणीत शब्द नाही. आई भेटली नाही याचं दुःख होतंच, पण आपण खोटारड्या ठरलो हे ताईंना जास्त झोंबलं होतं.

आणि परवा दादाचा फोन आला. तो कायमचा मुलाकडे, सातासमुद्रापार निघाला होता. विमान गाठायला तो ज्या लांब पल्ल्याच्या गाडीने जाणार होता, ती मोठ्या स्टेशनात थोडा वेळ थांबणार होती. "येशील?" एवढंच त्याने विचारलं.

भेटीच्या दिवशी सकाळी शेजारीण म्हणाली, "अहो ताई, निघा की आता!" ताई हसल्या. या लोकलची नाडी त्यांना ठाऊक होती. ती वेळेवर आलेली कुणाच्या बापाने पाहिली नव्हती. फलाटावर उभं राहून त्या लाडूबाईचं दिलगीरपण कोण ऐकणार? त्यांनी दादाला द्यायचा आईचा फोटो पुन्हा एकदा कागदात नीट गुंडाळला आणि दुसरा चहा टाकला.

ताई पुलावर पोचल्या तर खाली गाडी सुटलेली. वेळेवर! कुणी मोठे साहेब पाहणीला आले होते, म्हणून त्या दिवशी गाडीला लाज आठवली होती. फलाटावर ताईंसारखे जुनेजाणते प्रवासी तोंडं पाडून उभे होते. गाडी मिळाली ती फक्त नवख्यांना. साहेबांनी म्हणे रिकामे डबे पाहिले आणि गर्दीच्या तक्रारी खोट्या ठरवल्या.

पुढची लोकल मात्र घराण्याचं नाव राखत आली. ताई धापा टाकत मोठ्या स्टेशनात शिरल्या, तेव्हा दादाच्या गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपलीकडे जात होता. तेवढ्यात फोन वाजला.

"लोकल लेट होती का गं?" दादाने विचारलं.

वेळेवर होती रे, मीच चहा पीत बसले, हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजवर खरं सांगून कोणतं पुण्य पदरात पडलं होतं?

"हो रे," त्या म्हणाल्या.



"असणारच," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "आई गेली तेव्हाही असणार. मी तुला नाही नाही ते बोललो गं. चुकलंच माझं."

ताईंनी फोटो छातीशी धरला. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

"तेव्हा खरंच होती रे, दादा," त्या म्हणाल्या.